लिनक्सच्या संगणकावरून परक्या मालकीच्या डेटाबेसाचा कारभार

(१) विषयप्रवेश

ऐतिहासिक कागदांचे रुमाल सोडून त्यांची यादी करणें हें संशोधनाचें पहिलें आणि सर्वांत कष्टाचें काम होय. ज्या दप्तराची यादी नाहीं, तें दप्तर असून नसल्यासारखेंच. पूर्वीं ह्या याद्या चोपड्यांत किंवा कार्डांवर लिहीत असत. गेल्या कांहीं दशकांत त्या संगणकावर होऊं लागल्या, आणि त्यांपैकीं कित्येक मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल अशा कंपन्यांनीं विक्रीसाठीं तयार केलेल्या डेटाबेसांत जाऊन राहिल्या. डेटाबेस म्हणजे माहितीचें असें कोठार, कीं ज्यांत प्रत्येक नोंद ठरलेल्या रकान्यांत ठेवलेली असते व प्रश्न विचारतांच हव्या त्या नोंदी निवडून हातीं येतात. अशा कोठाराची स्थिति मोठी चमत्कारिक असते. आंतील माल संस्थेचा. परंतु कोठाराची बांधणी, त्याच्या कुलपाची रचना आणि आंतील मांडणी कंपनीच्या मालकीची.

दुसऱ्या बाजूस लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. लिनुस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं तिचा आरंभ केला. तिचा मूलपाठ कोणासहि वाचतां येतो, बहुतेक ठिकाणीं परवान्याचें मूल्य द्यावें लागत नाहीं आणि जुन्या यंत्रावरहि ती चालते. बेताच्या उत्पन्नावर चालणाऱ्या संस्थांस व अभ्यासकांस ती सोयीची वाटावी यांत नवल नाहीं. अशा वेळीं प्रश्न उभा राहतो तो असा : यादी कंपनीच्या कोठारांत आणि मेजावरचें यंत्र लिनक्सचें, तर तेथें बसून त्या कोठाराचा सर्व कारभार पाहतां येईल काय ?

उत्तर होकारार्थी आहे. जोडणीचें काम आज अवघड राहिलेलें नाहीं. परंतु लिपि, तारीख आणि नक्कल ह्या तीन ठिकाणीं जरा दुर्लक्ष झालें, तर यंत्र बहुधा कुरकूर न करतां आपलें नुकसान करतें. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हें उदाहरण घेऊन ह्या गोष्टींचें विवरण करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) कोठाराचा पूर्वेतिहास

ह्या जातीच्या डेटाबेसांचें बीज आय. बी. एम. कंपनींतील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आहे. माहिती यंत्रांत कोठें व कशी ठेवली आहे याची विवंचना वापरणारानें करूं नये, त्यानें फक्त कोष्टकें व त्यांचे परस्परसंबंध जाणावे, हें त्यांचें सूत्र. त्याच कंपनींत १९७४ च्या सुमारास ह्या सूत्रावर आधारलेली प्रश्न विचारण्याची एक भाषा निर्माण झाली. तीच पुढें एसक्यूएल ह्या नांवानें रूढ होऊन १९८६ सालीं अमेरिकेंत व १९८७ सालीं आंतरराष्ट्रीय क्षेत्रांत प्रमाण ठरली. भाषा अशी सर्वांची झाली. कोठारें मात्र ज्याचीं त्याचींच राहिलीं.

एसक्यूएल सर्व्हरचें मूळ घराणें मायक्रोसॉफ्टचें नव्हे. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सायबेस कंपनीनें युनिक्ससारख्या यंत्रप्रणालींसाठीं तो रचिला. मायक्रोसॉफ्टनें तिच्याशीं करार करून १९८९ सालीं ओएस-टू ह्या प्रणालीवर आपली पहिली आवृत्ति काढली, व १९९३ सालीं ती विंडोज एनटीवर आणली. पुढें दोघांची फारकत झाली, आणि मायक्रोसॉफ्टचें कोठार विंडोजच्या आवारांत बंदिस्त झालें. लिनक्स ही युनिक्सच्याच वळणाची प्रणाली. तेव्हां मार्च १९१६ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे मार्च २०१६ मध्यें, लिनक्सवर चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०१७ मध्यें तो प्रत्यक्ष बाहेर पडला, ही एका अर्थीं माहेरची फेरीच म्हटली पाहिजे.

परंतु बाहेरच्या मंडळींनीं त्यापूर्वींच एक वाट काढली होती. सर्व्हर व त्याच्याशीं बोलणारें यंत्र यांमधील संभाषणाचा जो ठराविक संकेत आहे, त्यास टीडीएस, म्हणजे टॅब्युलर डेटा स्ट्रीम, असें म्हणतात. ह्या संकेताचे नियम मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलेले नसतां, एकोणिसशें नव्वदनंतरच्या दशकाच्या अखेरीस कांहीं स्वयंसेवकांनीं तारेवरून जाणारे निरोप तपासून त्यांचा अर्थ लाविला, आणि फ्रीटीडीएस नांवाचें मुक्त साधन तयार केलें. मोडी न येणाऱ्यानें अनेक कागद शेजारीं ठेवून अक्षरें लावीत जावें, तशांतलाच हा उद्योग. पुढें २००८ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या अनेक संकेतांचे नियम प्रसिद्ध केले, त्यांत टीडीएसचेहि होते.

(३) जोडणीचीं चार अंगें

लिनक्सवरून कोठारापर्यंत पोंचण्याच्या मार्गाचीं चार अंगें ध्यानांत ठेविलीं, म्हणजे अडचण कोठें आहे हें ओळखणें सोपें जातें. पहिलें अंग सर्व्हर, म्हणजे जेथें प्रत्यक्ष नोंदी आहेत तें यंत्र. दुसरें टीडीएस हा संकेत. तिसरें ड्रायव्हर, म्हणजे आपल्या यंत्रावरील दुभाष्या. चौथें तो कार्यक्रम, ज्याच्या खिडकींत आपण प्रश्न लिहितों व उत्तरें वाचतों.

दुभाषे मुख्यतः तीन आहेत : वर सांगितलेला फ्रीटीडीएस, मायक्रोसॉफ्टनें स्वतः लिनक्ससाठीं दिलेला ओडीबीसी ड्रायव्हर, आणि जावा भाषेंतील कार्यक्रमांसाठीं त्याच कंपनीचा जेडीबीसी ड्रायव्हर. पहिले दोन बहुधा युनिक्सओडीबीसी ह्या मध्यस्थामार्फत काम करतात. कार्यक्रमांपैकीं डीबीव्हर हा मुक्त असून जेडीबीसीच्या द्वारें एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल, पोस्टग्रेस अशा अनेक कोठारांशीं बोलतो. आज्ञा टंकून काम करणारांसाठीं मायक्रोसॉफ्टचे एसक्यूएलसीएमडी व बीसीपी हे दोन छोटे कार्यक्रम लिनक्सवर मिळतात. ज्या मोठ्या कार्यक्रमानें विंडोजवरील कारभारी सर्व व्यवस्था पाहतात, तो मॅनेजमेंट स्टुडिओ मात्र विंडोजपुरताच आहे. अझूर डेटा स्टुडिओ हा लिनक्सवर चालणारा कार्यक्रम मायक्रोसॉफ्टनेंच २०१८ सालीं काढला, आणि २०२५ सालीं तो बंद करण्याचें जाहीर केलें. कंपनीच्या एकाच साधनावर सर्व भार टाकूं नये, हा बोध यांतून घेण्यासारखा आहे.

जोडणी न झाल्यास पुढील क्रमानें शोध करावा. प्रथम सर्व्हर जाळ्यावरून येणारे निरोप ऐकतो कीं नाहीं हें पाहावें. त्याचें नेहमींचें द्वार १४३३ क्रमांकाचें असतें, आणि कित्येक ठिकाणीं तें मुळांत उघडलेलेंच नसतें. एकाच यंत्रावर निरनिराळ्या नांवांचे अनेक सर्व्हर असल्यास कोणाचें द्वार कोणतें हें १४३४ क्रमांकाच्या द्वारावरील सेवा सांगते. ती बंद असेल तर द्वारक्रमांक स्वतः लिहावा. नंतर सुरक्षिततेचें प्रमाणपत्र पाहावें. मायक्रोसॉफ्टच्या ओडीबीसी ड्रायव्हरच्या अठराव्या आवृत्तीपासून संभाषण गुप्तलिपींत करणें हाच मूळचा नियम झाला आहे. सर्व्हरनें स्वतःच स्वतःस दिलेलें प्रमाणपत्र असेल, तर ड्रायव्हर तें नाकारतो. संस्थेच्या आंतल्या जाळ्यांत तें मान्य करण्याची सवलत आहे. परंतु बाहेरून येणाऱ्या जोडणीस योग्य प्रमाणपत्रच बसवावें. शेवटीं नांव व पासवर्ड तपासावा. विंडोजच्या ओळखीवर प्रवेश देणाऱ्या सर्व्हरला लिनक्सवरून केर्बेरॉस ह्या पद्धतीनें ओळख पटवितां येते. तें न साधल्यास सर्व्हरवर स्वतंत्र खातें उघडून घ्यावें लागतें.

(४) अधिकारांची वांटणी

प्रत्येक सर्व्हरवर ‘एसए’ नांवाचें सर्वाधिकारी खातें असतें. यादी वाचण्यासाठीं तें वापरणें म्हणजे एक कागद पाहण्यासाठीं दप्तरखान्याच्या सर्व किल्ल्या मागून घेण्यासारखें आहे. वाचकास केवळ वाचण्याचा, नोंदी करणारास लिहिण्याचा व कारभाऱ्यास नकलेचा अधिकार असे तीन पृथक् अधिकार द्यावे. सर्व्हरमध्यें त्यासाठीं तयार भूमिका आहेत.

दुरुस्ती करतांना आणखी एक काळजी घ्यावी. डीबीव्हरसारख्या कार्यक्रमांत आज्ञा देतांच ती कायम होते, अशी योजना पुष्कळदां असते. ‘ज्या नोंदींत अमुक आहे त्यांतच बदल कर’ ही अट लिहावयाची राहिली, तर एका क्षणांत सर्व नोंदींत तोच मजकूर भरला जातो. म्हणून प्रथम व्यवहार आरंभण्याची आज्ञा द्यावी, मग बदल करावा, किती नोंदी बदलल्या तो आंकडा पाहावा, आणि तो अपेक्षेप्रमाणें असेल तरच व्यवहार कायम करावा. नाहीं तर मागें घ्यावा.

(५) लिपीचा प्रश्न

मराठी याद्यांचें सर्वांत अधिक नुकसान होतें तें येथें. एसक्यूएल सर्व्हरमध्यें मजकुराचे रकाने मुख्यतः दोन जातींचे असतात. व्हारचार जातीच्या रकान्यांत सामान्यतः एकाच ठराविक वर्णमालेचीं अक्षरें मावतात, व ती वर्णमाला बहुधा रोमन असते. एनव्हारचार जातीच्या रकान्यांत युनिकोडमधील सर्व लिपि, म्हणून देवनागरीहि, राहते. पहिल्या जातीच्या रकान्यांत देवनागरी मजकूर टाकला, तर प्रत्येक चिन्हाच्या जागीं प्रश्नचिन्ह पडतें. दुसऱ्या जातीचा रकाना असूनहि, हातानें लिहिलेल्या आज्ञेंत मजकुराच्या अवतरणचिन्हापूर्वीं ‘एन’ हें रोमन अक्षर लिहावयाचें राहिलें, तरी तोच परिणाम होतो. ही प्रश्नचिन्हें केवळ दिसण्यापुरतीं नसतात. कोठारांत तींच साठविलीं जातात, आणि मूळ अक्षरें पुन्हां मिळविण्याचा मार्ग उरत नाहीं. सर्व्हर २०१९ पासून व्हारचारमध्येंहि यूटीएफ-८ पद्धतीनें देवनागरी ठेवण्याची सोय झाली आहे. पण ती रकान्याची क्रमरीति मुद्दाम तशी निवडल्यासच लागू होते.

फ्रीटीडीएस वापरणारांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. संकेताची ४.२ ही जुनी आवृत्ति निवडली गेली असेल, तर युनिकोड रकाने नीट वाचले जात नाहींत; ७.० किंवा तिच्या पुढील आवृत्ति लिहून ठेवावी. येथें मात्र कोठारांतील मजकूर शाबूत असतो, फक्त वाचण्यांत दोष असतो. हा भेद न ओळखतां तो बिघडलेला मजकूर परत साठविला, तर वाचण्यांतला दोष कायमचा होऊन बसतो.

रकान्याची लांबी ठरवितांना अक्षरें मोजूं नयेत, संकेतचिन्हें मोजावीं. ‘ज्ञानेश्वर’ ह्या शब्दांत डोळ्यांस चार अक्षरें दिसतात. युनिकोडच्या हिशेबीं तीं दहा चिन्हें होतात. रोमन नांवांच्या अंदाजानें ठेविलेला वीस चिन्हांचा रकाना मराठी नांवास व आडनांवास पुरत नाहीं.

शोधांतहि मराठीची एक खास अडचण आहे. ‘कऱ्हाड’ ह्या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारांनीं टंकतां येतो : एक, त्यासाठीं नेमलेल्या स्वतंत्र ऱ ह्या चिन्हानें, दुसरा, साधा र, हलन्त व अदृश्य सांधणारें चिन्ह यांच्या योगानें. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखीं ते दोन शब्द असूं शकतात, आणि शोधांत एक सांपडून दुसरा निसटतो. संस्थेनें एक रीति ठरवून जुन्या नोंदी तिच्याप्रमाणें करून घ्याव्या. ळ, क्ष, ज्ञ ह्या अक्षरांचा अनुक्रमहि आपल्या कोशांप्रमाणें लागतो कीं नाहीं तें एकदां पाहून घ्यावें.

युनिकोडपूर्वीं विशिष्ट फॉन्ट वापरून भरलेल्या याद्यांची गोष्ट निराळी. त्यांत कोठाराच्या दृष्टीनें रोमन अक्षरेंच असतात. फॉन्ट चढविल्यावर तीं मराठी दिसतात. लिनक्सवर तो फॉन्ट नसल्यानें अर्थहीन अक्षरें दिसलीं, तर मजकूर नष्ट झाला असें समजूं नये. त्या फॉन्टच्या कोष्टकावरून युनिकोडमध्यें रूपांतर करावें, परंतु मूळ रकाना पुसूं नये. नवा रकाना शेजारीं जोडावा.

(६) तारखेचा प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासकास ह्या कोठाराचा जो गुण सर्वांत अधिक चकित करील, तो हा. एसक्यूएल सर्व्हरमधील डेटटाइम ह्या जुन्या जातीच्या रकान्यांत १ जानेवारी १७५३ च्या पूर्वींची तारीखच बसत नाहीं. ही मर्यादा सायबेसपासून चालत आली आहे, व तिचें मूळ इंग्लंडच्या पंचांगांत आहे. ब्रिटिश राज्यांत १७५२ सालीं जुनी जूलियन गणना सोडून ग्रेगोरियन गणना घेतली. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. ह्या घोटाळ्यांत पडावयास नको म्हणून त्यापुढील पहिलें पूर्ण वर्ष आरंभ म्हणून धरिलें. परिणाम असा, कीं पानिपतचा १४ जानेवारी १७६१ हा दिवस त्या रकान्यांत मावतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा दिवस मावत नाहीं. सबंध शिवकाल, राजारामाचा जिंजीचा वेढा, पहिल्या बाजीरावाची कारकीर्द, हीं सर्व कोठाराच्या दाराबाहेर राहतात.

सर्व्हरच्या २००८ च्या आवृत्तींत डेट व डेटटाइम-टू अशा दोन नव्या जाती आल्या, त्यांत इ. स. १ पासून ९९९९ पर्यंतच्या तारखा मावतात. परंतु ह्या जाती सर्व काळास ग्रेगोरियन गणनाच लावतात. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही प्रसिद्ध तारीख जूलियन आहे. ग्रेगोरियन गणनेनें तो दिवस १६ जून होतो. ‘६ जून’ असें लिहून यंत्राकडून वार काढला किंवा दोन घटनांमधील दिवस मोजले, तर उत्तर चुकेल, आणि यंत्र चुकलें असें कोठेंहि दिसणार नाहीं. वसईच्या मोहिमेसंबंधीं १७३९ सालचीं इंग्रजांचीं पत्रें जूलियन तारखांचीं व पोर्तुगिजांचीं ग्रेगोरियन तारखांचीं असल्यानें, एकाच दिवसाच्या दोन पत्रांत अकरा दिवसांचें अंतर दिसतें. शिवाय इंग्रजांचें कायदेशीर वर्ष त्या काळीं २५ मार्चला सुरू होई.

मराठी कागदांची रीति त्याहून वेगळी. ‘सलास सबैन मया व अलफ’ एवढेंच पत्रांत असलें, तर तें शुहूर सन ११७३, म्हणजे १७७२ च्या मृगापासून १७७३ च्या मृगापर्यंतचें वर्ष. ह्यास एकच तारीख द्यावयाची तर ती कल्पनेनेंच द्यावी लागेल. नोंद करणारा बहुधा १ जानेवारी लिहितो, आणि कांहीं वर्षांनीं तीच पत्राची खरी तारीख म्हणून दुसऱ्या ग्रंथांत उतरते.

म्हणून तारखेसाठीं एक रकाना पुरेसा नाहीं. पहिल्या रकान्यांत मूळ कागदांतील कालोल्लेख जशाचा तसा, मजकूर म्हणून, ठेवावा. दुसऱ्यांत शक, शुहूर, फसली, जूलियन अशी गणनेची जात. तिसऱ्या व चवथ्यांत आरंभीची व अखेरची शक्य ग्रेगोरियन तारीख डेट ह्या जातीनें द्यावी. तिथि निश्चित असेल तेथें दोन्ही एकच येतील. पांचव्यांत हें रूपांतर कोणीं व कशावरून केलें तें लिहावें. ही रचना लिनक्सवरून डीबीव्हरमध्यें करतां येते, आणि तिला जुना रकाना मोडावा लागत नाहीं.

(७) नकलेचा प्रश्न

सर्व्हरला नक्कल घेण्याची आज्ञा लिनक्सवरूनहि देतां येते. परंतु आज्ञेंत लिहिलेला मार्ग हा सर्व्हरच्या यंत्रावरचा असतो, आपल्या मेजावरच्या यंत्रावरचा नव्हे. ‘नक्कल पूर्ण झाली’ असा निरोप आल्यावर ती आपल्यापाशीं आली असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती मूळ यादीच्याच यंत्रावर पडून असते, आणि तें यंत्र गेलें कीं दोन्ही जातात. ती फाईल तेथून उचलून दुसऱ्या जागीं नेणें हें वेगळें काम आहे.

दुसरें असें, कीं ही नक्कल एसक्यूएल सर्व्हरवांचून उलगडत नाहीं, आणि नव्या आवृत्तीची नक्कल जुन्या आवृत्तींत उघडत नाहीं. नक्कल तपासण्याची आज्ञा आहे. तथापि खरी परीक्षा ती दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उलगडून पाहण्याचीच. २०१७ पासून सर्व्हर लिनक्सवर चालत असल्यानें ही परीक्षा आतां विंडोजवांचूनहि होते.

म्हणून ह्या बंद नकलेच्या जोडीला एक उघडी नक्कल अवश्य ठेवावी. प्रत्येक कोष्टक सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनीं रकाने पृथक् केलेल्या साध्या मजकुराच्या स्वरूपांत, यूटीएफ-८ मध्यें काढावें. हें काम डीबीव्हर करतो. पूर्ण रचनेसह ठेवावयाचें तर एसक्यूलाइट हें मुक्त स्वरूप चांगलें; त्यांत सर्व कोष्टकें एका फाइलींत राहतात. बरोबर एक पान असावें, व त्यांत प्रत्येक रकान्याचा अर्थ, लघुरूपें आणि एकंदर नोंदींची संख्या द्यावी. काढल्यावर मूळ व नक्कल यांतील संख्या जुळते कीं नाहीं, ऱ व जोडाक्षरें शाबूत आहेत कीं नाहीं, १७५३ पूर्वींच्या तारखा आल्या कीं नाहीं, हें दहा-वीस नोंदी ताडून पाहावें.

ज्या संस्थांच्या याद्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाइलींत आहेत, त्यांचें काम याहून हलकें आहे. तेथें सर्व्हर नसतो. लिनक्सवरील एमडीबीटूल्स ह्या मुक्त साधनानें अशा फाइलींतील कोष्टकें पाहतां व सीएसव्हींत काढतां येतात. आधीं फाइलीची प्रत करून त्या प्रतीवरच काम करावें.

(८) उपसंहार

येथवर जें सांगितलें त्याचें सार एवढेंच. कोठार कोणाचें आहे यापेक्षां त्यांतील माल केव्हांहि, कोणाच्याहि परवानगीवांचून, संपूर्ण बाहेर काढतां येतो कीं नाहीं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. लिनक्सवरून काम करणारास हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच भेडसावतो, कारण त्याच्यासाठीं दार आयतें उघडें नसतें. जो कंपनीच्याच साधनांनीं काम करतो, त्यास तो बहुधा साधनें बंद पडल्यावर सुचतो. ह्या दृष्टीनें लिनक्सचें मेज हें अडचण नसून एक कसोटी आहे. ज्या संस्थेनें आपली यादी अशा मेजावर पूर्णपणें वाचून दाखविली, तिच्या लिपींत व तारखांत बिघाड नाहीं याची खात्री करून घेतली, आणि एक उघडी नक्कल दुसऱ्या गांवीं ठेविली, तिची यादी खरोखर तिच्या मालकीची झाली. ज्यांनीं आयुष्यें वेंचून रुमालामागून रुमाल सोडले, त्यांच्या श्रमांचें हें ऋण सध्यांच्या कारभाऱ्यांनीं वर्षांतून निदान एक दिवस ह्या कामास देऊन फेडावें, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.